ङालाय

हलच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर, दर मंगळवारी
मिसेस होल्रॉइड आम्हाला दुखणं शिकवतात.
चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई,
खडूसुद्धा थर्मामीटरसारखा झटकून धरते.

फळ्यावर : पेन, एक्, सोअर, स्टिंग, थ्रॉब.
'पेन येतं. एक् मुक्कामाला असतं.'
एक् डोक्याला लागतं, दाताला, पोटाला, पाठीला.
घशाला लागत नाही. घसा सोअर.
डोळेही सोअर.
'का?' बोग्दान विचारतो. ट्रक चालवायचा तो, त्याला नियम लागतात.
बाई खिडकीबाहेर बघतात.
'म्हणायची पद्धत नाही, बाळा.'
आणि हर्ट? हर्टला कर्ता हवा,
ते पुढच्या मंगळवारी.

मी वहीत दोन रकाने आखते.
स्टिंग म्हणजे आमचं हापदी : सोललेल्या ढोपरावर समुद्राचं पाणी.
थ्रॉब म्हणजे किरोत : रात्रीची दाढ, ठसठस, ठसठस,
आतून कुणी दार वाजवतंय आणि घर तर आपलंच.
एका शब्दासमोर मात्र उजवा रकाना कोरा.
ङालाय.
नाकातच उगवतो हा, बाईंना पहिलं अक्षरच सापडेना.
झोपलेलं लेकरू कडेवर, जेटीवर उभी,
बोट अजून आलेली नाही, तेव्हा हाताला जे होतं ते.
दुखत नाही तसं. हात भरून येतो,
हळूहळू आपला राहत नाही,
आणि खाली ठेवायची सोय नसते.

'नम्ब? टायर्ड? स्टिफ?'
दुकानात चपला घालून बघाव्या तसे
बाईंनी शब्द घालून पाहिले.
'नाही गं लुझविमिंडा. आमच्याकडे हा मापाचा नाही.'

रात्रपाळीला खोली नऊ. मिस्टर पिकर्सगिल,
जन्मभर मासेमारीच्या बोटीवर, आता खुबा मोडलेला.
'पेन की एक्? दहापैकी किती?'
'मस्टन्ट ग्रम्बल.'
हे फळ्यावर नव्हतं. कुरकुर करू नये माणसानं,
एवढंच शब्दकोश म्हणाला. तक्त्यात त्याला चौकोनच नाही.
मंगळवारी विचारलं तर बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
'म्हणजे आठ. आणि "मिडलिंग" म्हणाला तर
विचारत बसू नकोस, डॉक्टरला बोलव.'

परवा तीन वाजता ते जागे होते.
उशी बदलताना मी माझे खांदे चोळले,
काय होतंय, त्यांनी विचारलं. मला.
मी सांगितलं. जेटी, लेकरू, सगळं.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
'जाळं ओढल्यावर व्हायचं,' म्हणाले.
'अठरा तास. नाव नव्हतं त्याला.'
मग दात नसलेल्या तोंडानं दोनदा म्हणून पाहिलं.

सकाळी दिवसपाळीची नर्स हातात तक्ता घेऊन
जिन्यात मला अडवते :
'नवाचे आजोबा म्हणतात आज थोडं ङालाय आहे.
कुठलं औषध गं हे? आणि कुणी सुरू केलं?'