उणे तीन

बोर्गहिल्ड नाक्केन आमच्या शेडमध्ये आली तेव्हा
ओलेसुनच्या धक्क्यावर गोठलेल्या कॉडच्या लाद्या रचलेल्या होत्या,
आणि मी नुकताच जहाजांची इंजिनं सोडून
अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या करायला लागलो होतो.
तिला एक पेटी हवी होती,
दारापाशी केसाएवढीही फट नको.
फटीतून काय जाईल, मी विचारलं.
"आधी तुमचे डोळे जातील," ती म्हणाली
आणि मोजपट्टी माझ्या हातात दिली.

पहिली लादी सात मिनिटं.
काठ शिजून पांढरे, चमच्यानं खावेत असे,
मध्ये सुरी टेकवली तर टणकन वाजली.
शेडभर माशाच्या कढणाचा वास.
तिनं वहीत लिहिलं:
बर्फ लहरींना जाऊ देतो,
पाणी त्यांना धरून ठेवतं.
म्हणजे जो कोपरा आधी वितळला
तोच पुढची सगळी ऊब ओरपणार,
शेजारचा राहणार दगड.

हे समजायला एक दुपार लागली.
त्यावर काय करायचं, याला अकरा वर्षं.

मी पेटीच्या छताला पितळी पंखा बसवला,
वारा न देणारा, लहरी ढवळणारा.
खाली फिरती थाळी. मग थाळीखाली दुसरी थाळी.
तिनं फॅक्सचा कागद ओला करून आत अंथरला,
बाहेर काढला तर त्यावर काळे डाग,
सहा सहा सेंटिमीटरवर,
जणू कुणी अंधारात मोजून पावलं टाकली.
तिच्या मुलीनं शाळेच्या निबंधात लिहिलं:
माझी आई मासे खराब करते.

एका नोव्हेंबरात वादळानं वीज गेली.
लादी अर्ध्यावर पेटीत तशीच राहिली.
सकाळी थर्मामीटर खुपसला: उणे तीन.
ना पाणी, ना पुरता बर्फ.
सुरी आत गेली, थंड लोण्यात जावी तशी.
बोर्गहिल्ड ओल्या फरशीवर बसून हसत सुटली.
"वितळवायचंच नव्हतं, तुर्गेर!
अलीकडेच थांबायचं होतं."

कारखान्याच्या मालकानं सगळं नीट ऐकून घेतलं
आणि कोमट पाण्याचं टाकं विकत घेतलं. स्वस्त पडतं.

अनुदानाची पत्रं यायची, ती उभ्यानंच वाचायची.
ज्याच्या पोळीवर तूप, त्याच्याच पोळीवर आणखी तूप.
"लादीच आहे ही पण," म्हणायची, "आपण मधले."
तिचा विद्यार्थी तार्याई जर्मनीत गेला,
विमानांच्या पंखांचे धागे भट्टीशिवाय घट्ट करायला.
हाल्ल्डिस गाठी तापवते, माणसांच्या, कुठल्याशा इस्पितळात;
नाताळच्या कार्डावर एकदा लिहिलं होतं तिनं,
आमचाही काठच आधी तापतो, बाई.
ते कार्ड बोर्गहिल्डनं महिनाभर खिशात वागवलं.

शेवटची पाच वर्षं आम्ही चर्चच्या तुळया केल्या.
लाकडात अळ्या. कान लावला तर कुरतडणं ऐकू येई,
दूर कुणी साखर चावतंय असं.
सुक्या लाकडाहून अळीत पाणी जास्त,
तेव्हा ऊब नेमकी तिला गाठते.
काम झालं की ती पुन्हा कान लावायची,
आणि बराच वेळ काढायची नाही.
अळ्यांबद्दल ती कधी काही बोलली नाही.

निबंध एकूण एकोणचाळीस.
माझं नाव एकदा, आभारांत, आडनाव चुकवून.
तिनं त्या अंकात पेनानं दुरुस्त करून दिलं,
जणू जगभरच्या प्रती आता बरोबर झाल्या.

शेड परवा विकली. कयाक भाड्यानं देणार आहेत तिथे.
पेटी भंगारात गेली, पंखा मी काढून घेतला.
आणि हत्यारांच्या तळाशी तो कागद सापडला.
डाग विटून चहाच्या रंगाचे झालेत,
काही तर नुसते आठवणीनंच दिसतात.
खिडकीपाशी नेऊन मी दोन बोटं ठेवली,
एका डागावर एक, पुढच्यावर दुसरं.
पट्टी लागलीच नाही.
इतकी वर्षं हा हात तेवढाच उघडत आलाय.