झोन चार

उदगीर, सराफ लाइन. मन्मथअप्पांचं दुकान.
पॅनल उघडलं तर आत मुंग्या,
आणि एक चिप, पाय काळे पडलेले.
रात्री तीनला उगाच बोंबलते, अप्पा म्हणाले,
गल्लीत आता कुणी उठतही नाही.

नवा कोड घातला. लाइट गेली, आली.
विसरली.
पुन्हा घातला. विसरली.
जुना मात्र घट्ट धरून: चोवीस सत्तावन्न.
"कुणाचा हो?"
अप्पा चष्मा पुसत राहिले.
"काशिनाथच्या लुनाचा नंबर.
भागीदारी मोडून बारा वर्षं झाली."

झोन चार, मागचं दार: उघडं, म्हणते.
तिथं आता भिंत आहे.
काशिनाथनंच घातलेली.

असली चिप मिळत नाही, पॅनलच बदला, मी म्हणालो.
अप्पांनी शटर अर्धं ओढलं,
दोन, चार, पाच, सात
न बघता दाबलं.
"सोमवारी बघू."
सोमवारच होता.