हे कांदे नाहीत

पिशवीवर स्केचपेननं लिहिलंय,
कुरूपबाईंच्या गोल, मल्याळी वळणाच्या मराठीत:
"हे कांदे नाहीत. आक्टोबरात लावणे."

आज जानेवारीची अठ्ठावीस.
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अर्ध्या कोबीमागे
साडेतीन महिने पडून होते अकरा कंद.
दहा म्हणू या.
एक सकाळी नवऱ्यानं पोह्यांसाठी चिरायला घेतला,
दोन काप गेल्यावर थांबला, म्हणाला,
हा रडवत नाहीये.

ऑक्टोबरात काय होतं?
गळतीवरून सोसायटीची सभा होती,
तुर्भ्याच्या लॅबमध्ये ऑडिट होतं,
लेकीची दाढ होती.
कुरूपबाई रोज डबा उघडताना विचारायच्या, लावलेस?
मी रोज म्हणायचे, रविवारी.
नोव्हेंबरात त्या रिटायर होऊन पालक्काडला गेल्या.
मग विचारणारं कुणी नव्हतं
आणि रविवार
नुसताच रविवार झाला.

फुलं कुठली, तेही विचारायचं राहिलं.
मार्चमध्ये बघ, एवढंच म्हणाल्या होत्या.
आमच्याकडे मार्चमध्ये एसीवाला येतो.

नेरूळमध्ये आज पहाटे चौदा.
बातम्यांत असं सांगितलं की जणू
पामबीचवर बर्फ साचलंय.
रात्री दहा वाजता डांबरगोळ्यांच्या वासाचा स्वेटर घालून
मी मीटररूमच्या मागे उकिडवी,
हातात आमटीचा डाव, कारण खुरपं
आमच्या घरात कधी आलंच नाही.
खाडीकडून वारा येतोय, कानात शिरतोय.

वीतभर खणलं की मुरूम.
मग निळ्या टाइलचा तुकडा, एक बॅटरीचा सेल,
आणि त्याखाली शिंपले,
पांढरे, ठिसूळ, बोटांत मोडणारे.
इथं कुणीतरी मीठ पिकवत असणार,
आम्ही पार्किंग नंबर सतरा म्हणतो.
ही माती मी लॅबमध्ये नेली असती
तर रिपोर्टवर स्वतःच लिहिलं असतं: अयोग्य.

दिवाणसिंग टॉर्च धरून उभा,
पिथौरागढचा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.
आमच्या थंडीला तो थंडी म्हणत नाही,
फक्त माझ्या स्वेटरकडे बघून मान फिरवतो.
टोक वर की मूळ वर? मी विचारते.
सुकून दोन्हीकडून सारखेच झालेत कंद,
म्हाताऱ्या माणसांच्या टाचांसारखे.
कुरूपबाईंना फोटो पाठवला. दोन राखाडी टिक.
दिवाणसिंग म्हणतो, आडवे ठेवा.
त्याची काकी आडवेच ठेवायची,
तिलाही कळायचं नाही.

एक मऊ पडलेला, बुरशीचा. त्याला बाजूला काढते,
मग परत घेते.
नऊ झाले. दहा झाले.
तेवढ्यात चपला ओढत नवरा खाली येतो,
हातात स्टीलची वाटी,
वाटीत तो सकाळचा, दोन काप गेलेला,
वर ताटली झाकून दिवसभर ठेवलेला.
टाकवला नाही, म्हणतो,
आणि टॉर्चच्या उजेडाबाहेर जाऊन उभा राहतो.

त्यालाही लावला.
कापलेली बाजू भिंतीकडे केली,
का, ते माहीत नाही.
दोन बाटल्या पाणी ओतलं, हात झटकले,
नखांत शिंपल्यांचा चुरा तसाच घेऊन झोपले.

सकाळी कुरूपबाईंचा आवाज, नऊ सेकंदांचा.
मागे पंखा फिरतोय, तिकडे उकडायला लागलंय.
"आत्ता लावलेस? बरं.
पाणी मात्र नको घालूस हं, कुजतील."

मी थोडा वेळ फोनकडे बघत बसले.
मग लिहिलं,
नाही घातलं.