सिक लाइन

रात्री साडेनवाला शटर अर्धं ओढून घेतो.
झंकार फोटो स्टुडिओ, जामनेर रोड, भुसावळ.
भिंती अजून तापलेल्या,
कूलरच्या पाण्याला गंजाचा वास.
मंगळावरचे फोटो उतरायला लागतात
वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं,
कुणी जुनं लुगडं घडी घडी उलगडावं तसे.

आम्ही तिघं.
मी, ज्यानं चोवीस वर्षं नवऱ्या मुली गोऱ्या केल्या.
सावद्याहून फोनवर हेमांगी फेगडे,
केळी पिकवायच्या चेंबरवर हिशेब लिहिते,
हिरव्यापासून पिवळ्यापर्यंतच्या सात छटा
नुसत्या आकड्यांनी सांगते.
आणि सुपडूकाका सुरवाडे, रिटायर, कॅरेज अँड वॅगन.
तेहेतीस वर्षं यार्डात चाकांवर हातोडी मारत फिरले.
डावा कान गेला.
उजवा अजून ड्युटीवर.

पहिल्या महिन्यात माझा हात सवयीनं चालला.
आभाळ निळं केलं, जमीन जरा उजळवली.
हेमांगी म्हणाली, दादा, हा काय लग्नाचा अल्बम आहे?
कच्चं ते कच्चं राहू द्या.
तेव्हापासून त्या मातीला मी हात लावला नाही.
तशी ती लाल नाहीच.
भरीत-पार्टी उठून गेल्यावर
पऱ्हाट्यांच्या आगीखालची जमीन उरते,
तिच्या जवळपास.

मग एके दिवशी आभाळात काळा ठिपका.
फोनमधून आवाज चढला: पक्षी?
मी आदल्या दिवसाचा फोटो काढला. ठिपका तिथंच.
चार दिवसांपूर्वीचा. तिथंच.
कड्यावर, वाळूवर,
गाडीच्या स्वतःच्या सावलीवरसुद्धा.
मला हसू आलं नाही.
माझ्या जुन्या लेन्सवर बुरशीचा एक ठिपका होता,
अकरा वर्षं.
फैजपूर असो, यावल असो, नवरी कुणाचीही असो,
उजव्या भुवईवर तीळ.
कुणी तक्रार केली नाही.
एकीच्या सासूनं तर तो शुभ मानला.
वहीत लिहिलं: लेन्सवरची धूळ. पक्षी नाही.
हेमांगी थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, चला,
तिथं तो नाही एवढं तरी आपण शोधलं.

काका देखाव्यांकडे बघत नाहीत.
डोंगर आला की बशीत चहा ओततात.
चाक आलं की चष्मा.
पत्रा फाटलेला, दोन बोटं जातील एवढं भोक,
कडा आत वळलेल्या.
ग्रीस कोण घालतं याला?
कोणी नाही, काका.
रात्रपाळीला कोण?
कोणीच नाही. आणि तिथला दिवस
आपल्याहून चाळीस मिनिटांनी मोठा.
म्हणजे रोज ड्युटी पुढं सरकणार!
असा रोस्टर तर आमच्या साहेबानंही लावला नव्हता भो.

हा डबा मी कधीच सिक केला असता,
ते म्हणतात. खडूनं फुली मारायची, लेबल लावायचं
आणि ढकलायचा सिक लाइनीला.
जरा थांबून: पण ढकलणार कोण.

त्यांच्याकडे रेल्वेचे जुने फॉर्म आहेत, कार्बनसकट.
चाक क्रमांक. दोष. शेरा.
प्रत्येक भोक पेन्सिलीनं काढलंय,
कंपासपेटीतल्या कर्कटकानं मोजून.
शेऱ्याच्या रकान्यात गेली दोन वर्षं एकच:
चालू.

काल मधल्या चाकाची चीर वाढलेली दिसली.
कर्कटक तीनदा लावलं, तीनदा पुसलं.
मग ते उठले, उजवा कान पडद्याला टेकवला
आणि बोटाच्या पेरानं काचेवर
टक्. टक्.
फोनवर हेमांगीनंही श्वास रोखला असावा.
काय ऐकू आलं, काका?

तुझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

वाकले, गुडघा धरून.
फसलेल्या प्रिंटांच्या गठ्ठ्यातली एक नवरी घेतली,
चार घड्या केल्या, पायाखाली सारली,
टेबल हलवून पाहिलं.
तोवर पुढचा फोटो
कपाळापर्यंत उतरला होता.