शून्य शून्य सतरा

मे महिना, जळगाव एमआयडीसी.
कूलर नुसता वारा फिरवतोय, पाणी केव्हाच संपलं.
माझ्यासमोर चटयांचे अकरा हजार फोटो
आणि एकाचंही नाव धड नाही.
‘नवीन’. ‘नवीन नवीन’. ‘फायनल’.
‘फायनल शेठनी पाहिलेली’. ‘मोर हिरवा उलटा’.
‘इंदूर पार्टी’ नावाच्या एकवीस चटया,
पार्टीने पैसे बुडवले, नाव तेवढं मागे ठेवलं.

अकोल्याने राणी मागवली होती, गेली डाळिंबी.
परत आलेला गठ्ठा अजून दाराशी आहे,
दुपारी त्यावर वॉचमन झोपतो.

मी वहीत लिहिते:
आधी माप, मग नक्षी, मग रंग,
मग फोटो कुठल्या बाजूने काढला ते.
मधे मोकळी जागा नको, आडवी रेघ.
‘सुंदर’, ‘खास’ असलं काही नको.
उद्या हिच्याहून सुंदर विणली गेली
तर तिला काय म्हणाल?

रंगावरून भांडण झालं.
कटिंगवरची इंदुबाई म्हणे शेवाळी,
पॅकिंगवाले म्हणत मेहंदी.
मी लिहिलं ‘ह चार’.
दोघंही नाराज, म्हणजे जमलं.

नक्षीला चार आकडे दिले.
फालकशेठ म्हणाले, आपल्या नक्ष्या तीनशे बारा,
एवढी शून्यं कोणाच्या लग्नाला?
म्हटलं, शून्यं नसली
तर मशीन दोनाच्या आधी दहाला बसवतं.
हे त्यांना पटलं.
मला नऊ हजार नऊशे नव्याण्णवावी चटई बघायची होती,
निदान तिची जागा,
हे सांगितलं नाही.

लूमवरचे सुपडूभाऊ नमुना काखेत घेऊन आले.
हिचं नाव काय ठेवलं?
ही त्यांनी बसवलेली नक्षी, सत्त्याऐंशी सालची.
ते तिला गिरणाकाठ म्हणतात.
मी वाचून दाखवलं:
सहा-चार, शून्य शून्य सतरा, ह चार, समोरून.
वाटलं, चिडतील.

ते टेबलाला टेकले.
“मन्हं नाव भी असंच शे, बाई.”
आधीच्या तिघांची नावं गोड होती,
एकही टिकलं नाही.
हे झाले तेव्हा आईने सुपात घातलं,
सव्वा रुपयाला शेजारणीला विकलं,
तिच्याकडून परत आणलं.
इतकं वेडंवाकडं नाव
की कोणी उचलून नेलं नाही.
चौसष्ट पुरे झाले गेल्या अक्षयतृतीयेला.

मग चष्मा कपाळावर सारून
पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं.
बोटाला निळ्या प्लास्टिकचा भुसा.
पुढची ही कोणाची?
म्हटलं, कोणाची नाहीत, जागा राखलीय.
त्यांनी मोजली.
दोनच?

लूमवर कोणीतरी हाक मारली, ते गेले.
मी कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या,
बसले,
वहीत चार खोडून पाच केले.