दीड वाजता

दीडला पाच कमी असताना
मी खळ्यातल्या सुकटीवर जुनं जाळं टाकायची,
कावळ्यांना एकदा दटावायची
आणि हात न धुताच कुंदाच्या पडवीत.
तिच्या रिमोटला बांगड्याचा वास होता.
तो माझाच.

एकवीस वर्षं चालला ‘जुईचा मांडव’.
माझं लग्नसुद्धा तेवढं चाललं नाही.
(नवरा दर्यात नाही गेला.
रत्नागिरीला गेला, तिथेच राहिला.)

लोक विचारतात, होतं काय एवढं त्यात?
काही नव्हतं. दमयंती सोमवारी जिना उतरायला लागायची,
हातात बंद पाकीट,
गुरुवारी खालच्या पायरीवर पोचायची.
तेवढ्यात इकडे बाबलची होडी रंगवून झालेली,
यशोदेची सून रुसून माहेरी जाऊन परत आलेली,
आणि पाकिटात काय असेल यावरून
निवतीच्या बंदरावर तीन तट पडलेले.

खोटं आहे हे कळायचं आम्हाला.
नथ घालून कोण झोपतं?
मेलेला जावई दुसरंच तोंड घेऊन आला,
आठवडाभर आम्ही नाकं मुरडली,
मग त्यालाच जावई म्हणू लागलो.
दुबईहून आलेला माझा भाऊ तरी
कुठे तोच होता?

लायट गेली की कुंदा सांगायची.
न बघितलेला भाग, डोळे मिटून,
कोण कुठल्या दारातून आलं त्यासकट.
दुसऱ्या दिवशी पडद्यावर भलतंच निघायचं
आणि आम्ही म्हणायचो,
टीव्हीवाल्यांचं चुकलं.

ओहोटी कधी लागली, नेमकं सांगता येत नाही.
बांगडा कमी झाला तेव्हाही असंच झालं,
या खेपेला नाही, पुढल्या खेपेला येईल,
असं म्हणता म्हणता टोपल्या लहान घेतल्या.
आधी दमयंतीचा बंगला गेला.
मग सगळं कुटुंब एकाच खोलीत भांडू लागलं,
मागे तोच निळा पडदा, लग्नाला आणि तेराव्यालाही.
मग दुपारच्याला रात्रीचं शिळं वाढू लागले.
मग गुडघ्याचं तेल, सलग अर्धा तास.
तेल विकणारी बाई बघितली
तर जुईची धाकटी नणंद!
तिने विष घेतलं होतं त्या दिवशी
मी आणि कुंदा जेवलो नव्हतो.
दोन बाटल्या मागवल्या.
गुडघे आहेत तसेच आहेत.

त्याआधीच मांडव उठला होता.
एकवीस वर्षांची वैरं एका शुक्रवारी मिटली.
दमयंतीने हात जोडले, जुई रडली,
सगळ्यांनी फोटो काढला आणि हसले.
मला राग येतो तो याचा.
इतकी वर्षं आम्ही तिचा द्वेष केला, नेमाने,
घरच्या माणसाचा करावा तसा,
तो आता कुठे ठेवायचा?
आणि ते पाकीट.
ते तर फोडलंच नाही कुणी.

भाचा फोन पुढे करतो,
“मावशे, बघ, एका मिनटात अख्खी गोष्ट.”
लग्न, फसवणूक, थोबाडीत, सूड.
बघते मी. वाईट नसते.
पण मध्ये चहाचं आधण ठेवायला
जागा नाही.

साखरेने कुंदाचे डोळे गेले गेल्या साली.
टीव्हीवर विणलेलं झाकण, झाकणावर घड्याळ.
तरी मी दीडला जातेच,
आणि ती भिंतीला टेकून सांगते.
दमयंती परत जिन्यावर आहे.
निळा पडदा काढून टाकलाय, बंगला परत आलाय,
मेलेला जावई पहिल्याच तोंडाने.
शुक्रवारी पाकिटाची कड फाडलीन्.
शनिवारी आतला कागद अर्धा बाहेर.

काल मला दम निघेना.
जाळंही न टाकता गेले, सवा वाजताच.
कुंदा पाय पसरून लसूण सोलत बसलेली,
बोटांनी चाचपून, एकेक पाकळी.
“मगे? काय लिवलेला त्या कागदार?”

तिने साल फुंकलं.
“आज आयतवार मा गो,” म्हणाली,
“आयतवारी नसता.”