चौथं घर

परभणीच्या शस्त्रागारात मुंजाजी आर्मोरर सांगायचे,
तेल थेंबभरच.
जास्त झालं की आपली काळी धूळ
पाहुणी येते, जात नाही.

निवडणुकीपुरतं जमा झालेलं
वसमतच्या अडत्याचं रिव्हॉल्व्हर.
चक्रीच्या चांदणीखाली चिमूटभर हळद.
जुन्या टूथब्रशनं काढली,
कुणी सांगितलं नव्हतं.

मग रिकामं, दोनदा बघून, कानाशी.
चाप ओढत गेलं की घोडा उठतो,
एक घर सरकतं. टक.
टक. टक.
चौथ्याला भुवई हलली.
"हे उशिरा बसतंय."
लाल शाईनं रजिस्टरात.

निकालानंतर अडत्या आला,
न वाचता सही.
"चालंल ना, मामा?"

"पाचदा," मुंजाजी म्हणाले
आणि पुढचं उचललं.